एका नाण्याचा सम्राट

एप्रिल २००३मध्ये ऑक्सफर्डच्या आग्नेयेला दहाएक मैलांवर असलेल्या चालग्रोव्ह गावाजवळ, मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणाऱ्या एका हौशी माणसाला मातीचं मडकं सापडलं. मडक्यात नाणी होती. पण आपल्या गोष्टींमधल्या गुप्तधनाच्या हंड्यासारखी ती खुळखुळत नव्हती. सतराशे वर्षं जमिनीत राहून त्यांना गंज चढला होता आणि सगळ्यांचा मिळून एक हिरवट गोळा झाला होता. हा गोळा लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. तिथे नाणी एकमेकांपासून सोडवली, साफ केली, मोजली. भरली ४९५७. सगळी तिसऱ्या शतकातली, साधारण इ. स. २५१ ते २७९ या काळातली, आणि जवळजवळ सगळी इतकी सामान्य की युरोपातल्या नाणेबाजारात ती आजही किरकोळ किमतीला मिळतात.

या ढिगातल्या एका नाण्यावर रिचर्ड अ‍ॅब्डी या म्युझियमच्या नाणेतज्ज्ञांची नजर अडली. चेहरा नेहमीसारखाच होता, दाढीवाला, डोक्यावर टोकदार किरणांचा मुकुट घातलेला. पण कडेने कोरलेलं नाव होतं 'डोमिटियानुस'.

रोमच्या इतिहासाची थोडीफार ओळख असलेला कुणीही म्हणेल, त्यात काय? डोमिशियन नावाचा सम्राट होताच की. इ. स. ८१ ते ९६ राज्य केलं, शेवटी राजवाड्यातच त्याचा खून झाला. मग तिसऱ्या शतकातल्या मडक्यात पहिल्या शतकातलं एखादं जुनं नाणं पडलं असेल, इतकंच. हे उत्तर चूक का, हे समजून घेतलं की रोमन नाणं ओळखणं म्हणजे नेमकं काय असतं तेही कळतं.

नाण्यावरचं नाव हा सगळ्यात सोपा पुरावा वाटतो, आणि म्हणूनच तो सगळ्यात जास्त फसवतो. मराठी माणसाला हे निराळं सांगायची गरज नाही. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' असं लिहिलेली तांब्याची शिवराई शिवाजी महाराजांच्या नंतरही कितीतरी वर्षं, पार पेशवाईतही पाडली जात होती. रुपयाचं तर त्याहून वाईट. मराठ्यांच्या टांकसाळीतून निघालेल्या चांदीच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचं नाव असायचं, आणि तो पाडणाऱ्यांचा त्या बादशहाशी संबंध असलाच तर त्याला संरक्षण देण्यापुरता. शिवाय एकाच नावाची माणसं असतातच. नुसतं 'माधवराव पेशवे' म्हटलं तर पानिपतानंतर राज्य सावरणारे की शनिवारवाड्याच्या कारंजावर पडलेले, हे पुढे विचारावंच लागतं.

रोमन लोकांनी तर या बाबतीत कहर केला. कॅराकॅला हे नाव आपण पुस्तकांत वाचतो, पण ते त्याच्या एका झग्यावरून पडलेलं टोपणनाव आहे. त्याच्या नाण्यांवर तो 'अँटोनायनस' आहे. त्याच्यानंतर साधारण वर्षभराने गादीवर आलेला पोरसवदा एलागाबालुस हाही नाण्यांवर 'अँटोनायनस'. आधी होऊन गेलेला अँटोनायनस पायस तर आहेच, आणि मार्कस ऑरेलियसही सम्राट झाल्यावर तेच नाव लावतो. कॅराकॅला आणि एलागाबालुस यांच्या काही चांदीच्या नाण्यांवरचा मजकूर अक्षरन् अक्षर सारखा आहे. मग तज्ज्ञ काय करतात? चेहरा पाहतात. कॅराकॅलाच्या कपाळावर आठ्या आणि गालावर दाढी असते, एलागाबालुस कोवळा दिसतो. मागच्या बाजूच्या मोकळ्या जागेत छोटा तारा दिसला तर बहुधा एलागाबालुस. २१३ सालानंतरच्या कॅराकॅलाच्या नाण्यांवर 'गेर्म.' म्हणजे 'जर्मनांना जिंकणारा' ही पदवी येते, ती सापडली तर वादच मिटला.

पदव्या हा रोमन नाण्यांचा खरा खजिना आहे. जागा जेमतेम बोटाच्या पेरएवढी, त्यात सम्राटाचा अख्खा बायोडेटा बसवायचा, म्हणून सगळं संक्षेपात. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, आणि 'यू'च्या जागी 'व्ही'. 'इंप.' म्हणजे सेनेने जयजयकार केलेला सेनापती, 'ऑग.' म्हणजे ऑगस्टस, 'पी. एम.' म्हणजे मुख्य पुरोहित, 'कॉस.' म्हणजे कॉन्सल आणि पुढे कितव्यांदा ते. यातली 'टी. आर. पी.' ही ट्रिब्यूनची सत्ता सम्राटाला दर वर्षी नव्याने मिळायची आणि तिचा आकडा एकाने वाढायचा. कॅराकॅलाच्या नाण्यांवर हा आकडा अठरा असेल तर साल २१५. विसापाशी आकडा थांबतो, कारण एप्रिल २१७मध्ये एका रस्त्यावर त्याला भोसकलं गेलं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला व्हर्जन क्रमांक पाहून जसं बरं वाटतं तसं मला हा आकडा पाहून वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी प्रत्येक रिलीजवर तारीख टाकत होतं, आणि तीही फक्त सम्राटाची बढाई मारण्यासाठी.

आता चालग्रोव्हच्या नाण्याकडे. त्यावरचा पूर्ण मजकूर असा : 'इंप. सी. डोमिटियानुस पी. एफ. ऑग.' यातलं 'पी. एफ.' म्हणजे 'पायस फेलिक्स', धर्मनिष्ठ आणि भाग्यवान. ही जोडी सम्राटाच्या पदव्यांमध्ये येते ती दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, कमोडसपासून. ९६ साली मेलेल्या डोमिशियनच्या नाण्यावर ती असूच शकत नाही. शिवाय तो डोमिशियन गुळगुळीत दाढी केलेला असायचा (दाढी ठेवायची फॅशन सम्राटांमध्ये हेड्रियनने आणली), आणि त्याच्या नाण्यांवर त्याच्या कॉन्सलपदांची लांबलचक गणती असते. किरणांचा मुकुट त्याच्याही काही नाण्यांवर आहे, पण ती पितळेची जाडजूड नाणी, चालग्रोव्हच्या नाण्याच्या चौपट-पाचपट वजनाची.

हा मुकुट म्हणजे किंमत दुप्पट असल्याची खूण. २१५ साली कॅराकॅलाने चांदीचं एक नवं नाणं काढलं. आज आपण त्याला 'अँटोनिनियानुस' म्हणतो. किंमत दोन दिनारांची, पण त्यात चांदी साधारण दीड दिनाराची. सरकारने मारलेला हा डल्ला पुढच्या पन्नास वर्षांत इतका वाढला की २७०च्या आसपास त्या 'चांदीच्या' नाण्यात चांदी पाच टक्केही उरली नव्हती. नाणं तांब्याचं आणि वर चांदीचा मुलामा, तोही महिन्याभरात उडणारा. म्हणजे मुकुट, दाढी, वजन, धातू, पदव्या हे सगळे साक्षीदार एकच सांगत होते : साल २७०च्या आगेमागे, आणि माणूस कुणीतरी भलताच.

या भलत्याच माणसाचं एक नाणं त्याआधी शंभर वर्षांपूर्वी सापडलं होतं.

१९०० साली फ्रान्सच्या पश्चिमेला ले क्लेओं इथे नाण्यांचा एक साठा मिळाला. त्यात असंच एक डोमिटियानुसचं नाणं होतं. ते नांत शहरातल्या दोब्रे संग्रहालयात गेलं, आणि तिथे त्याच्या नशिबी संशय आला. अभ्यासकांपैकी अनेकांनी ते खोटं ठरवलं. त्यांना दोष देता येत नाही. जगात ज्याचं एकच नाणं आहे आणि ज्याच्याबद्दल ग्रंथांत धड दोन ओळी नाहीत, असा सम्राट स्वीकारायचा तरी कसा? नाण्यांच्या व्यापारात एक जुनी लबाडी आहे. साधं, झिजलेलं, पण अस्सल नाणं घ्यायचं आणि बारीक छिन्नीने त्यावरची अक्षरं खरवडून दुसरं नाव कोरायचं. धातू जुना, गंज जुना, वजन बरोबर, फक्त नाव नवं. त्याच काळातल्या टेट्रिकसचं नाणं पैशाला पासरी मिळतं, त्याचा डोमिटियानुस केला की किंमत आभाळाला भिडते.

मग दुसरं नाणं सापडल्यामुळे नक्की काय बदललं? 'एकाऐवजी दोन' हे उत्तर पुरेसं नाही, कारण लबाडी दोनदाही करता येते. इथे नाणं कसं पाडत हे पाहावं लागतं.

रोमन नाणं ओतलेलं नसे, ठोकलेलं असे. खालचा साचा ऐरणीत घट्ट बसवलेला, त्यावर सम्राटाचा चेहरा उलटा कोरलेला. त्यावर तापवलेली धातूची चकती ठेवायची. वरचा साचा हातात धरून चकतीवर टेकवायचा आणि हातोडा हाणायचा. साचे हाताने कोरलेले असल्यामुळे दोन साचे कधीच तंतोतंत सारखे निघत नाहीत. कुठे एखादं अक्षर जरा तिरकं, कुठे मुकुटाचं टोक दोन अक्षरांच्या मधोमध, कुठे नाकाची रेघ जास्त खोल. त्यामुळे दोन नाणी एकाच साच्याची आहेत की नाहीत, हे एकावर एक ठेवून पाहिल्यासारखं सांगता येतं. आमच्या धंद्यातल्यांना सांगायचं तर कॅटलॉगमधला 'प्रकार' म्हणजे क्लास आणि हातातलं नाणं म्हणजे ऑब्जेक्ट. पण साचा या दोन्हींच्या मधला आहे, तो चेकसमसारखा. तो जुळला की उगम एक.

वरचा साचा थेट हातोड्याचा मार खातो, म्हणून तो आधी फुटतो. खालचा टिकतो. त्यामुळे एकाच चेहऱ्याच्या साच्याबरोबर मागच्या बाजूचे तीन-चार साचे वापरले गेलेले दिसतात. अशा जोड्या लावत लावत, साच्याला पडलेली चीर वाढत गेली ती कोणत्या क्रमाने हे पाहत, टांकसाळीत आधी काय पाडलं आणि नंतर काय याची साखळी जोडता येते. रोमन नाणेशास्त्रातली बरीच कालगणना या किचकट, डोळे फोडणाऱ्या कामावर उभी आहे.

चालग्रोव्हचं नाणं नांतच्या नाण्याशी ताडून पाहिलं तेव्हा साचे जुळले. इथे सगळा युक्तिवाद फिरला. नांतचं नाणं जर टेट्रिकसच्या नाण्यावर कोरीवकाम करून बनवलं असतं, तर ते जगात एकटंच असतं. त्याच्या साच्याचं जुळं भावंड असणं शक्य नव्हतं. कुणी खोटा साचा करून ती पाडली असती, तर त्यातलं एक इंग्लंडमधल्या शेताखाली, गंजाने एकजीव झालेल्या पाच हजार नाण्यांच्या गोळ्यात आतपर्यंत पोचवणं कुणाला जमलं असतं? म्हणजे दुसऱ्या नाण्याने स्वतःलाच नव्हे, शंभर वर्षं खोटेपणाचा डाग लागलेल्या पहिल्यालाही निर्दोष सोडवलं. फ्रान्समध्येही सिल्व्हियान एस्तियो आणि जिल्दा सालाँ यांनी २००४ साली नांतच्या नाण्याची फेरतपासणी प्रसिद्ध केली.

०

तर हा डोमिटियानुस कोण?

२६० साली रोमचा सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. साम्राज्य उसवायला लागलं. पश्चिमेला पोस्तुमस नावाच्या सेनापतीने गॉल, ब्रिटन, जर्मनीचा काठ आणि स्पेन एवढा मुलूख तोडून स्वतःचं राज्य मांडलं. त्याने रोम घ्यायचा प्रयत्न केला नाही, रोमची हुबेहूब नक्कल मात्र केली. तेच कॉन्सल, तीच पदवी, तसंच नाणं. २६९ साली माइन्झमध्ये लेलियानुसने बंड केलं. पोस्तुमसने ते मोडलं, पण शहर लुटायची परवानगी सैनिकांना दिली नाही, म्हणून सैनिकांनी त्यालाच मारलं. मग मारियुस आला. हा मूळचा लोहार, आणि लॅटिन ग्रंथ म्हणतात की याने राज्य केलं दोन-तीन दिवस. पण त्याची नाणी इतकी मिळतात की दोन-तीन दिवसांत एवढे साचे कोरून एवढा माल पाडणं अशक्य. काही आठवडे किंवा महिने तरी तो होताच. ग्रंथाने केलेली थट्टा नाण्यांनी खोडून काढली, हे मला या सगळ्या प्रकरणातलं फार आवडतं.

मारियुसनंतर व्हिक्टोरिनस. २७१मध्ये कोलोनला त्याचा खून झाला. ग्रंथ सांगतात की एका अधिकाऱ्याच्या बायकोच्या मागे लागल्याचं ते फळ. त्याच्यानंतर टेट्रिकस. २७४ साली ऑरेलियनने त्याला हरवलं, रोमच्या विजययात्रेत मिरवलं, आणि मारायचं सोडून इटलीतल्या एका प्रांतावर अधिकारी नेमलं. त्या काळात सम्राट होऊन अंथरुणात मरायचं भाग्य फार थोड्यांना लाभलं.

व्हिक्टोरिनस आणि टेट्रिकस यांच्या मधल्या फटीत डोमिटियानुस बसतो, कारण त्याच्या नाण्याची घडण या दोघांच्या नाण्यांशी जुळते. झोसिमस नावाचा ग्रीक इतिहासकार त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी लिहिताना ऑरेलियनविरुद्ध उठलेल्या आणि लगेच शिक्षा झालेल्या तिघांची नावं देतो, त्यांत एक डोमिटियानुस आहे. 'हिस्टोरिया ऑगस्टा' या बऱ्याचदा थापा मारणाऱ्या ग्रंथात याच नावाचा एक शूर सेनापती येतो. तोच हा असेल किंवा नसेल. म्हणजे हाती लागलं ते इतकंच : एक नाव, एक दाढीवाला चेहरा, दोन नाणी.

आणि नाण्याची दुसरी बाजू. तिथे एका हातात नैवेद्याची ताटली आणि दुसऱ्यात समृद्धीचं शिंग घेऊन उभी असलेली देवी आहे, भोवती अक्षरं 'कॉन्कॉर्डिया मिलिटुम', सैन्याची एकजूट. रोमन नाण्यांवरची ही वचनं वाचताना एक युक्ती बहुधा लागू पडते. ज्याची टंचाई आहे तेच छापलेलं असतं. सैन्य एकजुटीचं असतं तर डोमिटियानुस सम्राट झालाच नसता, आणि झाला असता तर टिकला असता. पण गादीवर बसल्या बसल्या त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर टांकसाळ ताब्यात घेऊन आपल्या चेहऱ्याचा साचा कोरायला सांगितला. सैनिकांना पगार द्यायचा तो स्वतःच्या तोंडाने द्यायचा. साचा कोरून झाला, थोडी नाणी पडली, आणि तेवढ्यात खेळ संपला.

०

नाणी माणूस जिवंत करू शकतात म्हटल्यावर लोभ सुटतोच. नोव्हेंबर २०२२मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली की आणखी एक हरवलेला रोमन सम्राट सापडला, नाव स्पोन्सियानुस. चालग्रोव्हची गोष्ट माहीत असलेल्याला ही बातमी ओळखीची वाटेल. मला मात्र ही दोन प्रकरणं एकमेकांच्या अगदी उलट वाटतात.

स्पोन्सियानुसची सोन्याची नाणी १७१३ साली ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रुमेनियात सापडल्याची नोंद आहे. व्हिएन्नाच्या राजदरबारातला नाण्यांचा अधिकारी कार्ल गुस्टाव्ह हेरेउस याने ती केली. त्याच साठ्यातली म्हणून तिसरा गॉर्डियन आणि फिलिप यांच्या नावांची ओबडधोबड सोन्याची नाणीही होती. हळूहळू ती वेगवेगळ्या संग्रहांत पांगली. एक नाणं विल्यम हंटर या डॉक्टरच्या संग्रहातून ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात गेलं, एक सिबिऊच्या ब्रुकेंथाल संग्रहालयात आहे. १८६८ साली आन्री कोएन या फ्रेंच तज्ज्ञाने ही सगळी भिकार दर्जाची आधुनिक बनावट असल्याचा निकाल दिला. तो निकाल दीडशे वर्षं टिकला.

२०२२ साली पॉल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगोचं नाणं सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. त्यांना त्यावर खऱ्या वापराने पडतात तसे असंख्य बारीक ओरखडे दिसले, आणि खोबणींमध्ये जमिनीत दीर्घकाळ राहिल्यावर चिकटतात तसे मातीचे खनिजथर. त्यावरून त्यांनी मांडलं की नाणी अस्सल आहेत. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात डाशिया हा डॅन्यूबपलीकडचा सोन्याच्या खाणींचा प्रांत रोमपासून तुटला असताना तिथल्या सेनापतीने स्थानिक सोन्याची ही नाणी काढली असावीत.

ही कल्पना मोहक आहे. तिच्या बाजूने एक चांगला मुद्दाही आहे : भामटा ज्याला बाजार आहे तेच खोटं करतो, मग कुणी ऐकलेलं नाही असं नाव तो का निवडेल? पण नाणं हातात घेतलं (म्हणजे स्क्रीनवर मोठं करून पाहिलं) की शंका थांबत नाहीत. ही नाणी ठोकलेली नाहीत, ओतलेली आहेत, म्हणजे साच्यांची जी तपासणी डोमिटियानुसच्या कामी आली ती इथे उपयोगाची नाही. रोमन सुवर्णनाण्यांत सोनं जवळजवळ शुद्ध असतं, यात चांदी आणि तांब्याची भेसळ बरीच आहे. नाव षष्ठीत आहे, 'सम्राट स्पोन्सियानुसचं', जे त्या काळच्या रोमन नाण्यांच्या रिवाजात बसत नाही. सगळ्यात चमत्कारिक मागची बाजू. तिथे एक स्तंभ आणि त्याच्या दोन बाजूंना उभ्या आकृत्या आहेत, आणि हे चित्र सरळसरळ इ. स. पूर्व १३५मधल्या मिनुकियुस ऑगुरिनुस या टांकसाळ अधिकाऱ्याच्या दिनारावरून उचललेलं आहे. त्या मूळ नाण्यावर 'सी. ऑग.' अशी अक्षरं आहेत. तिथे ती 'गायुस ऑगुरिनुस' या नावाचा संक्षेप आहेत. स्पोन्सियानुसच्या नाण्यावरही ती तशीच उतरली आहेत. चारशे वर्षांपूर्वीचं, स्वतःशी काही संबंध नसलेलं चित्र आणि दुसऱ्याचं नाव, हे सीमेवरच्या अडचणीत सापडलेल्या सेनापतीने निवडलं असेल, की जुनी नाणी जमवणाऱ्याच्या कपाटासमोर बसलेल्या, 'ऑग.' दिसलं की ऑगस्टस वाचणाऱ्या माणसाने?

अ‍ॅब्डी यांच्यासह अनेक नाणेतज्ज्ञांनी पिअर्सन यांच्यावर कडक टीका केली. तिचा गाभा असा की नाण्यावरून माणूस सिद्ध करायचा आणि त्या माणसावरून नाणं, हे वर्तुळ आहे. मला ही टीका पटते. ओरखडे सांगतात की वस्तू घासली गेली, माती सांगते की ती पुरली होती. ती कुणी आणि कधी घडवली हे त्यांच्या तोंडून वदवता येत नाही. चालग्रोव्हच्या नाण्याकडे जे होतं आणि स्पोन्सियानुसकडे नाही, ते म्हणजे बंद मडकं, सोबतची ४९५६ नाणी आणि शंभर वर्षं आधी दुसऱ्या देशात सापडलेलं जुळं.

०

'कुठे सापडलं' हा रकाना रिकामा राहिला की किती नासाडी होते याचं अलीकडचं उदाहरण ब्रूटसच्या सोन्याच्या नाण्याचं. एका बाजूला ब्रूटस, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मधे गुलामगिरीतून सुटलेल्याची टोपी आणि खाली सीझरच्या खुनाची तारीख, 'ईड. मार.'. अशी सोन्याची फक्त तीन नाणी ज्ञात आहेत. त्यातलं एक ऑक्टोबर २०२०मध्ये लिलावात सुमारे साडेबत्तीस लाख पौंडांना गेलं. पुढे तपासात त्याच्या मालकीचे कागद बनावट निघाले आणि मार्च २०२३मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आलं. नाणं अस्सलच होतं. पण ते कोणत्या शेतातून, कोणत्या मडक्यातून, कोणत्या नाण्यांच्या शेजारून निघालं हे आता कुणीच सांगणार नाही.

इंग्लंडात १९९६च्या कायद्याने असा साठा सापडला तर कळवणं बंधनकारक आहे आणि संग्रहालयाने तो घेतला तर शोधणाऱ्याला बाजारभावाने मोबदला मिळतो. चालग्रोव्हचा साठा असाच ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात गेला. आपल्याकडे १८७८चा गुप्तधनाचा कायदा आहे, आणि त्यात दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं असं लिहिलेलं आहे. दहा रुपयांचा तो आकडा १८७८चा आहे. नांगराच्या फाळाला हंडा लागलेला शेतकरी आधी जिल्हाधिकारी कार्यालय गाठेल की सराफ, याचा अंदाज वाचकांनी करावा.

तरीही भारतात रोमन नाणी हजारोंनी नोंदली गेली आहेत, मुख्यतः दक्षिणेत. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचला सोन्याचांदीचे दिनार आणले तर स्थानिक नाण्यांच्या बदल्यात नफा मिळतो असं स्पष्ट लिहिलं आहे. पैठण आणि तेरहून गाड्यांनी माल भडोचला येतो हेही त्यातच. दिनार हा शब्द तर इतका रुजला की गुप्तांच्या कोरीव लेखांत सोन्याच्या नाण्याला तेच नाव आहे.

इथे सापडणारं रोमन नाणं ओळखणं तसं सोपं. चांदीच्या नाण्यांत दोनच प्रकार पुन्हा पुन्हा येतात : ऑगस्टसचं, मागे त्याचे दोन दत्तक नातू ढाली-भाले घेऊन उभे असलेलं, आणि टायबेरियसचं, मागे खुर्चीत बसलेली स्त्री असलेलं. ६४ साली नीरोने दिनाराचं वजन घटवलं, साधारण ३.९ ग्रॅमचं ३.४वर आणलं, आणि त्यानंतरची चांदीची नाणी भारतात अगदी विरळ होतात. इथले व्यापारी सम्राटाचं नाव वाचत नसतील, पण तराजू वाचत होते. जुनंच चित्र असलेलं जड नाणं द्या, नवं नको.

पण खरं कोडं सोन्याच्या नाण्यांचं आहे. १८९८ साली तमिळनाडूत पुदुकोट्टई इथे रोमन सोन्याची ५०१ नाणी सापडली. त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक नाणी छिन्नीने कापलेली आहेत. तुकडे केलेले नाहीत, फक्त सम्राटाच्या चेहऱ्यावर आडवा एक खोल घाव, बहुतेक वेळा बरोबर डोक्यावर. काही म्हणतात, आत तांबं नाही ना हे तपासायला. पण मग घाव चेहऱ्यावरच का, कडेला का नाही, आणि तपासायला इतक्या नाण्यांची काय गरज? काहींच्या मते हे नाणं आता नाणं नाही, नुसतं सोनं आहे, असं जाहीर करायची ही रीत होती. परक्या राजाचा चेहरा आपल्या बाजारात चालणार नाही, वजन चालेल. मला दुसरं कारण जास्त पटतं.

रोमन नाण्यांचा प्रमाण कॅटलॉग १९२३पासून १९९४पर्यंत दहा खंडांत निघाला. आता न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने तो इंटरनेटवर आणला आहे, चाळीस हजारांहून अधिक प्रकार, प्रत्येकाला स्वतःचा पत्ता. पुदुकोट्टईच्या प्रत्येक नाण्याला त्यात क्रमांक मिळतो. छिन्नीच्या घावाला मिळत नाही. तो घाव रोमन नाही.

तेरला, कोंडापूरला आणि आणखी काही ठिकाणी उत्खननांत टायबेरियसच्या नाण्याच्या मातीत केलेल्या नकला मिळाल्या आहेत. भाजलेल्या मातीची चकती, त्यावर चेहऱ्याचा उठाव, भोवती अक्षरं असावीत अशा जागी नुसती चिन्हं, आणि वरच्या बाजूला दोरा ओवायला भोक.